चिकटपट्टीखालचं पान

"मम्मा, लास्ट लाइन दाखव. होडीवाल्या स्टोरीची. अंकल इज डाउनस्टेअर्स."

अस्मीनं चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. होडीत पांढऱ्या दाढीचे तळवणेकर आजोबा, त्यांच्या मांडीवर त्यांच्याच गोष्टीतला मिणमिण्या, त्याच्या पोटातला दिवा पिवळाधम्मक पेटलेला. मागे काळा समुद्र.

तळवणेकर गेल्या आठवड्यात गेले. मुलांसाठी जादूची बेटं लिहिणारा माणूस, अस्मीनं कधी पाहिलेलाही नव्हता. पण ही एकोणीस वर्षांची घोडी तीन दिवस धड जेवली नाही. मग ब्रश घेऊन बसली. चित्र सावंतवाडीला आजोबांच्या बायकोकडे जायचं होतं. अस्मीच्या बाबांचा, सतीशचा मित्र सोमनाथ गावी निघाला होता. इथे आखातात, अल नहदातल्या निम्म्या मराठी घरांचं सामान त्याच्याच बॅगेतून जायचं.

त्याचा फोन आला. "वहिनी, यल्ला! गाडी रस्त्यातच उभी केलीय. दंड आला तर सतीशच्या नावावर हां!"

"पाच मिनिटं रे, भावजी."

अर्चनानं कपाटातून तळवणेकरांचं पुस्तक काढलं. शेवटची दोन पानं खाकी चिकटपट्टीनं एकमेकांना चिकटवलेली.

"व्हाय इज इट टेप्ड?"

"फाटलं होतं."

फाटलं नव्हतं. सहा वर्षांची अस्मी तापानं फणफणलेली, सतीश समुद्रात तेलाच्या रिगवर, आणि गोष्टीत मिणमिण्या आपला सगळा उजेड होडीला देऊन मरत होता. अर्चनानं पुस्तक मिटलं आणि मनचंच सांगितलं, तो पेटलेलाच राहिला म्हणून. पुढे दोनशे वेळा तेच सांगावं लागलं. पट्टी तेव्हाची.

अस्मीला मराठी समजायचं, वाचता यायचं नाही. शाळेत हिंदीऐवजी फ्रेंच अर्चनानंच घ्यायला लावलं होतं. मार्क मिळतात म्हणून. आता चित्राखाली ती शेवटची ओळ, अक्षरं चित्रासारखी बघून, उतरवायची होती.

"मी कागदावर लिहून देते ना."

"नो, मम्मा. त्यांच्या बुकमधूनच. हिज वर्ड्स."

"तुला कुठे वाचता येतंय?"

"फोनकडून वाचून घेतलं होतं एकदा, फर्स्ट पेज. साउंडेड लाइक अ टेलिफोन बिल. तूच वाच. यू डू हिम बेस्ट."

सांगून टाकावं. आत्ताच.

"अस्मी, अगं, तो मिणमिण्या..."

"व्हॉट?"

तिच्या नाकाच्या शेंड्याला पिवळा रंग लागला होता.

"काही नाही."

दुसरी कुठलीतरी ओळ दाखवावी, तर सावंतवाडीच्या आजींना वाचता येत होतं. नवऱ्याच्या पुस्तकातलं भलतंच वाक्य त्यांच्या हातात पडलं असतं, वर लेकीची सही.

अर्चनानं नखानं पट्टी सोडवली. कागदाचे पापुद्रे निघून आले. अर्धंअधिक पान गेलं. शेवटची ओळ मात्र नेमकी शाबूत राहिली: आणि मिणमिण्या विझून गेला.

तिनं ओळीखाली बोट ठेवलं.

"ही?"

"ही."

"रीड इट."

अर्चनानं पानाकडे बघतच वाचलं, "आणि मिणमिण्या पेटलेलाच राहिला."

अस्मीनं समाधानानं मान हलवली. जीभ दातांत धरून ती एकेक अक्षर उतरवायला लागली. काना, वेलांटी, मात्रा, काही सुटलं नाही. फोन परत वाजला. दोघींनी उचलला नाही.

"विच वन इज 'पेटलेला'?"

अर्चनानं तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं.

"इट्स सो प्रिटी, मम्मा."

अस्मीनं ब्रश पिवळ्यात बुडवला. 'विझून'मधलं अक्षर न् अक्षर उजेडानं भरलं, आणि भोवती बारीक, सरळ किरणं काढली.