खिडकीतून उतरलेली वायर

दुधाच्या पिशव्या कापायची कात्री.

नवऱ्याच्या फोनमध्ये एक नाव : 'इस्त्री'. रोज दुपारी एकच्या आसपास. अर्ध्या मिनिटाचं बोलणं.

खालून वर येणारं एका बाईचं हसू.

सोळा पायऱ्या.

त्यातल्या नवव्या पायरीवर वायरमनीणबाई बसल्या होत्या आणि तोंडाने श्वास घेत होत्या. नवरा वायरमन, म्हणून गल्लीने दिलेलं हे नाव. छातीच्या दुखण्यामुळे गच्चीचा हा जिना त्या वर्षभर चढल्या नव्हत्या. डॉक्टरांची सक्त मनाई होती. पण आज डॉक्टरांना विचारतंय कोण? कात्री पदराखाली होती.

गच्चीवर नवऱ्याने सोलर पॅनेल बसवली होती आणि जिन्याच्या टोकाला खोलीत चार बॅटऱ्या. रात्री लाइट गेली की बाईंचं ऑक्सिजनचं मशीन त्यांच्यावर चालायचं. आणि महिन्याभरापूर्वी त्याच बॅटऱ्यांवरून एक काळी वायर निघाली, मागच्या खिडकीतून उतरली आणि थेट खालच्या इस्त्रीच्या दुकानात शिरली.

"उरलेली वीज आहे," नवरा म्हणाला होता. ताटात बघत.

"उरलेली? मग पलीकडच्या म्हाताऱ्याला द्या. पंख्याविना तळमळतोय बिचारा."

"पंखा काय खातो? इस्त्री जास्त खाते." एवढं बोलून तो हात धुवायला उठला.

याला काय उत्तर म्हणायचं? बाई चार दिवस त्याचा कीस काढत राहिल्या.

इस्त्रीवाली चाळिशीची, दंडाने भक्कम. दिवसभर उभी. एका हाताने इस्त्री ओढायची, फोन कानाखांद्यात दाबायची आणि हसायची. आख्खं हसायची, मध्ये श्वास न घेता. बाईंना असं हसून दोन वर्षं झाली होती. तिचे दंड एक वेळ सहन झाले असते. तिचं ते हसू नाही. नवऱ्याला ती दादा म्हणायची. म्हणेना का! म्हणायला काय पैसे पडतात?

सोळावी पायरी.

बाईंनी वायरची पिन उपटली. मग वाटलं, पिन काय, पुन्हा खोचता येते. त्यांनी कात्री काढली. कचकन. वायरचे दोन तुकडे.

खाली इस्त्रीच्या दुकानात रेडिओवर वाजत असलेलं गाणं थांबलं.

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. आता येईल वर. तोंड पाडून येईल. म्हणेल, वहिनी, जरा वीज गेली बघा. मग मी म्हणेन, वीज गेली की लाज? नको, हे फार झालं. मग मी म्हणेन, ज्याची वीज त्याच्या बायकोला विचारलं होतंस का? हे बरं. त्यांनी ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं.

कुठे तरी काही तरी रटरटत होतं. चुलीवर पातेलं विसरल्यासारखं. त्यांनी पाहिलं. पातेलं कुठून असणार? बॅटऱ्या रटरटत होत्या. आंबूस, जळका वास घशात बसला आणि खोकला सुरू झाला. तो थांबेना. उठावं म्हटलं तर पाय उचलेनात.

जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीवाली आली, पण बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. काखेत चार चादरी, कानाशी फोन; त्यातला आपल्या नवऱ्याचा ओरडा बाईंनाही ऐकू येत होता : "झाका! आधी पॅनेल झाका! बटणाला हात नको, ठिणगी उडेल!" ती तशीच गच्चीवर धावली, चारही पॅनेलांवर चादरी टाकल्या, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग येऊन खिडकी सताड उघडली आणि बाईंना काखेत धरून बाहेर सावलीत आणून बसवलं.

रटरट हळूहळू उतरली.

"तोडलीत?" वायरकडे बघत इस्त्रीवालीने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"बॅटरी भरली की पॅनेलची वीज थांबवणारा डबा असतो ना, तो जळलाय. नवा यायला अजून दहा दिवस. दादा पॅनेल बंद करून कामाला गेले तर रात्री तुमच्या मशीनला पुरत नाही. चालू ठेवून गेले तर दुपारी ही अशी उकळी. मग ते तिकडे ऊन बघून अंदाज करतात, मला फोन करतात. मी इस्त्री लावते. जास्तीची सगळी ती खाते."

"मला..." बाईंनी श्वास गोळा केला. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बटण बंद करायला तुम्ही रोज हा जिना चढला असतात. दादांना तीच भीती. आणि मी चढायचं तर तुमच्या स्वयंपाकघरातून. तुम्ही मला कधी पाणी तरी विचारता का?" आणि ती हसली. आख्खं.

 बाईंनी मान वळवून पॅनेलांकडे पाहिलं. चादरींची नुकतीच केलेली इस्त्री इतकी कडक होती की वाऱ्यातही घड्या मोडत नव्हत्या. 

"गिऱ्हाइकाच्या चादरी मातीत घातल्यास की गं."

"माझ्याच आहेत, वहिनी."

शाळांना सुट्टी होती, गणवेश येत नव्हते. त्या महिन्यात दुपारी दुकानात इस्त्रीला एकही कपडा नसायचा. रोज फोन यायच्या आधी ती या चार चादरी भिजवून, पिळून तयार ठेवायची.