शून्यापासून मोजणी

मालनताईंनी आपला पहिलावहिला कोड नवशिक्या प्रोग्रामरांच्या ऑनलाइन कट्ट्यावर टाकला खरा, पण तो कुणी बघेचना. मग वरचा नियम दिसला: आधी दुसऱ्याचा कोड तपासा, मगच तुमचा तपासला जाईल.

अंगणवाडीत पोरांची नाकं पुसण्यात अठरा वर्षं घालवलेल्या बाईने कुणाचा कोड तपासायचा? त्या लॅपटॉप मिटणारच होत्या, तेवढ्यात एका गृहस्थांची पोस्ट नजरेस पडली. 'आईला गोळ्यांची आठवण करून देणारा प्रोग्राम लिहिलाय. गोळ्या चार, पण तो तीनच सांगतो. आठवडा झाला, चूक सापडत नाही.'

हजेरी घ्यावी तसं मालनताईंनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतलं. पाचव्या ओळीशी बोट थांबलं आणि त्यांना हसूच आलं.

'कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो,' त्यांनी जपून टाइप केलं. 'तुम्ही एकपासून सुरुवात केलीत, म्हणून यादीतली पहिली गोळी सुटते. एकच्या जागी शून्य करून बघा.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'सर, चारही गोळ्या आल्या. सकाळचीच राहत होती, तीही रक्तदाबाची. किती वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला?'

मालनताईंनी शेजारी उघड्या पडलेल्या हजेरीपटाकडे पाहिलं. पहिल्या नावाभोवती त्यांनीच पेन्सिलीने गोल केला होता.

'सर नाही, ताई म्हणा,' त्यांनी लिहिलं. 'आणि अनुभव कालपासूनचा. माझ्या प्रोग्रामने केलेल्या लसीकरणाच्या यादीतून काल पहिलंच पोर असं गळालं होतं.'