खिडकीशेजारची जागा

"विकेश, ऐकू येतंय का रे? का झोपलास?"

"येतंय. बोल." विकेशने कानावरचा हेडफोन नीट केला.

"मग गोल का खाल्लास गाढवा? चेंडू काय आरती ओवाळून आत घ्यायचा असतो?" रजित हसला. त्याच्यामागे अमृत आणि सुजनही हसले. तिघांचं हसणं एकत्रच कानात शिरलं. कोण कुठं बसलंय ते त्यावरून कळत नव्हतं, आणि विकेशला तेच सगळ्यात जास्त खुपत होतं.

पाटणच्या त्या गल्लीत रजितच्या घराचा वरचा मजला म्हणजे या चौघांची शाळा. खरी शाळा बुडवून भरायची ती. एक टीव्ही, दोन कंट्रोलर आणि पोरं चार. जिंकणारा बसून राहायचा, हरणारा उठून दारापाशी जायचा. तिथं चपलांचा वास यायचा. एका कंट्रोलरचं बटण अडकायचं, तो उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात. ऐन गोलाच्या वेळी शेजाऱ्याला कोपर मारायचं, नाहीतर त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. हे सगळं नियमात बसायचं. चौघं परीक्षा कशी पास झाले ते देवालाच ठाऊक.

उद्या ते घर पडणार होतं. रस्ता रुंद करायचा होता. अर्धं घर रस्त्यात जाणार म्हटल्यावर उरलेलं अर्धं काय चाटायचं? सामान रजितच्या मामाकडे गेलंसुद्धा होतं. आज शनिवार, सुट्टीचा वार, म्हणून तिघं शेवटचं खेळायला जमले होते. टीव्हीला संगणक जोडून चौथ्याला इंटरनेटवरून घेतलं होतं.

"तुझी खिडकीशेजारची जागा मोकळी ठेवलीय," रजित म्हणाला. "अमृत टेकायला बघत होता, हाकलला त्याला."

"केव्हाचा उभा आहे मी," अमृत कुरकुरला. "साहेब कतारमध्ये, आणि पाय दुखतायत आमचे."

आज त्या खोलीत असायला हवं होतं, एवढं एकच सकाळपासून विकेशच्या डोक्यात फिरत होतं. उद्यापासून ती खोलीच नसणार. पण आता त्याचं वाईट वाटणंही थांबलं होतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो ना, तसं आतून सगळं बधिर झालं होतं.

दारावर टकटक झाली. कोणीतरी ताट ठेवून गेलं. विकेशने माइक बंद केला, ताट आत घेतलं, पुन्हा कडी लावली आणि मग माइक चालू केला.

"तिकडे किती वाजले रे?" सुजनने विचारलं.

विकेशने घड्याळाकडे पाहिलं. जरा थांबून म्हणाला, "सव्वाएक."

"भर दुपारी खेळतोस? मालक बरा दिसतोय."

"रात्रपाळी लागलीय."

"आणि ऊन?"

"विचारू नकोस. कातडं सोलून निघतं."

तेवढ्यात रजितची आई, सगळ्यांची आमा, चिउऱ्याचे पोहे आणि भटमासाचे भाजलेले दाणे घेऊन वर आली. "सरका रे, मला बोलू द्या," म्हणत तिने माइक ओढून घेतला. "बाबु, भात खाल्लास का?"

"खातोय, आमा."

"तुझी आई भेटते रे धाऱ्यावर, पाणी भरताना. रोज फोन करतो म्हणाली. चेहरा कसा फुललेला असतो तिचा! नाव काढलंस बघ. नाहीतर तो पल्याडच्या आळीतला कृष्णगोपाल."

"रिटर्न!" तिघं एकदम ओरडले.

"कोण?" विकेशने विचारलं.

"अरे, तुला पत्ताच नाही?" अमृतला चेव आला. "कपाळाला टिका, गळ्यात माळा, अख्खी आळी विमानतळावर पोचवायला. आणि एजंटने फसवला! दोन महिन्यांत स्वारी घरी. आता दिसला की पोरंसोरं विचारतात, 'ए रिटर्न, विमानात जेवायला काय दिलं?' नावच बुडालं त्याचं. त्याची आई धाऱ्यावर आली तरी बायका म्हणतात, 'सरका, रिटर्नची आई आली.'"

अमृतला हसता हसता ठसका लागला. विकेशही हसला. हसू जरा लांबलं, तसा त्याने माइक बंद केला.

"पुरे रे मेल्यांनो, त्या माउलीला काय वाटत असेल," आमा म्हणाली. पण हसत तीही होती.

शेवटचा सामना रजित आणि विकेशचा लागला. विकेशने माइक पुन्हा चालू केला.

"हरणारा दारापाशी," सुजनने जाहीर केलं.

"मी कुठल्या दारापाशी जाऊ?"

"तुझ्या!"

दोघं इरेला पेटून खेळले. एक एक गोल झाला. मग रजित मधेच म्हणाला, "दशैंच्या सणाला तरी येशील?" त्याचा आवाज खाली आला होता.

"बघतो. सुट्टी मिळाली तर."

"तेव्हा खेळायचं कुठे? मामाकडे टीव्हीच्या खोलीत आजोबा झोपतात."

"आज यायला हवं होतं, यार," विकेश म्हणाला. एवढं एक वाक्य त्याने जोरात म्हटलं.

"मग यायचं ना लेका! कोणी पाय बांधलेत?"

विकेशचा खेळाडू चेंडू घेऊन सुटला होता. समोर फक्त गोलकीपर होता. रजित बोंबलायला लागला, अमृत-सुजन किंचाळायला लागले. विकेशचं डावं कोपर आपसूक बाजूला गेलं आणि भिंतीवर आपटलं.

त्याच क्षणी कानातले आवाज तुटले. पडद्यावरचा चेंडू हवेतच अडकून राहिला.

विकेशने हेडफोन काढला. खोलीतला दिवा विझला होता, डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबत होता. आणि खिडकीला खिळे ठोकून लावलेल्या घोंगडीआडून, गल्लीपलीकडच्या रजितच्या घरातून, तिघांचा एकदम ओरडा आला, "बत्ती गेलीऽऽ!"