रोल संपल्यावर

"अहो, हलू नका. आलाय," खिडकीतून सुनीती कुजबुजली.

नंदकिशोर हलणार कुठे? नेरूळच्या त्या रो-हाउसमागे बाग म्हणजे चार पावलांची माती, एक जास्वंद आणि कपडे वाळत घालायची तार. तारेखाली स्टूल टाकून ते सकाळपासून ठोकळ्यासारखे बसले होते. जांभळा शिंजीर आला, फुलात चोच खुपसून उलटा लटकला. त्यांनी बटण दाबलं.

कॅमेरा त्यांच्या मुलाचा, निखिलचा. बागेत येणाऱ्या पाखरांचे फोटो काढायचं वेडही त्याचंच. दोन महिन्यांपूर्वी ट्रकनं त्याला उडवलं आणि कॅमेऱ्यात रोल अर्धा राहिला. त्या अर्ध्यात निखिलचा शेवटचा फोटो होता. टायमर लावून धावत आला होता, आईच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला होता. पण अर्धा रोल धुवायला देतं का कुणी? गणपतीत घातलेला रोल संक्रांतीला धुणारं घर ते. शिवाय सुनीतीनं हट्टच धरला, आधी त्याची पाखरं पुरी करायची, मग फोटो बघायचे. तेव्हापासून नंदकिशोर रोज बागेत बसत होते. दुःखाला तेवढंच एक काम मिळालं होतं.

आज रोल पुढे सरकवायचा खटका हलेना.

"संपला गं!" ते म्हणाले.

ती पिठाच्या हातांनीच मागच्या दारात आली. "उघडू नका हं. स्टुडिओवाल्याकडे द्या, तो काढेल."

"मला शिकवतेस? लग्नानंतर माथेरानला तुझे फोटो कुणी काढले?"

"तो डबा कॅमेरा होता."

"डबा काय नि हा काय! रोल संपला की झाकण उघडायचं, गुंडाळी काढायची. जा, तुझी पोळी करपतेय."

ती हसली. निखिल गेल्यापासून पहिल्यांदाच. हसतच आत गेली.

त्यांच्या डबा कॅमेऱ्यात रोलच्या पाठीला काळा कागद असायचा. रोल शेवटपर्यंत फिरवला की तो कागद फोटोंवर गुंडाळला जायचा, मग उन्हात उघडला तरी बिघडत नसे. त्याच भरवशावर नंदकिशोरांनी झाकण उघडलं.

कागद नव्हता. चकचकीत उघडी फिल्म, आणि तिच्यावर थेट सकाळचं ऊन. हा रोल आधी उलटा फिरवून डबीत परत न्यायचा असतो, हे निखिलनं एकदा सांगितलं होतं. तेव्हा ते पेपर वाचत होते. त्यांनी झाकण फाडकन मिटलं. आता मिटून काय उपयोग? पोराला त्यांनी दुसऱ्यांदा घालवलं होतं, आणि या खेपेला ट्रकवाल्याला शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

"निघाला का हो?" आतून सुनीतीनं विचारलं.

ते कॅमेरा पुन्हा गळ्यात अडकवत म्हणाले,

"नाही गं. संपलाच नव्हता. खटका अडकला होता नुसता. आहेत अजून थोडे."

ती खिडकीशी आली. चेहरा उजळलेला. "बरंच झालं बाई. घाई कशाला? त्याला भारद्वाजाचा फोटो हवा होता, तो कुठे मिळालाय अजून? तो मिळाला की मग..." आणि तिचा श्वास अडकला. "अहो! कुंपणावर! तोच, तोच. हलू नका."

नंदकिशोरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबायला गेले, ते दाबलं जाईना. मग त्यांनी जीभ टाळूला लावली आणि खिडकीपर्यंत ऐकू जाईल असा 'टक्' आवाज केला.