एकाच कोपऱ्यातला ढीग

"धुळ्या, माझ्या रानात खत कुठाय?" हातात टमरेल घेऊन विलासतात्या बांधावरूनच कडाडले.

धुळानं मान खाली घातली. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांनी जमीन खतवायची आणि मालकाकडून ज्वारी घ्यायची, हा त्याचा आज्यापासूनचा धंदा. औंदा कुणा शहाण्यानं कानात फुंकलं, मेंढरं सोड, अल्पाका पाळ, लोकर सोन्याची. गड्यानं कळप विकून उंटाच्या तोंडाची, मेंढीच्या अंगाची सहा परदेशी जनावरं आणली. तेव्हापासून बायको सारजा जनावरांशी बोलायची, नवऱ्याशी नाही.

आणि ही लाटसाहेबं! एकरभर रान सोडून सगळी एकाच कोपऱ्यात रांग लावून उरकायची. तिथं ढीग, बाकी रान कोरडं ठणठणीत.

"ज्वारीचा दाणा मिळणार नाय," तात्या गरजले. "रोज एकाच जागी जातात, ही काय जनावराची रीत झाली?"

सारजा रानातच मांडलेल्या चुलीपुढून उठली. "तात्या, गाव हागणदारीमुक्त केल्याची पाटी येशीवर तुमच्याच नावाची हाय न्हवं? मुक्या जनावरांना एक जागा कळली. तुम्ही टमरेल घेऊन कुठं निघालाय?"

तात्यांनी टमरेल धोतराआड लपवलं. गावाला शिकवणारे सगळे असलेच, नाव वेशीवर आणि स्वतः बांधावर.

दुपारी ज्वारीचं पोतं गुपचूप आलं. धुळाला हसू फुटलं.

"दात काय काढताय?" महिन्याभरात सारजा पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. "टोपलं घ्या आन् त्या लेंड्या पसरा रानभर."