तिरपा दात

शकुबाईंनी आरसा जवळ घेतला, दूर धरला, पुन्हा जवळ घेतला. तोंडात गुलाबी मेणावर बसवलेले नवे दात होते. सगळे एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

"छान दिसताय आजी," काजल म्हणाली. ती दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि शकुबाईंची कवळी ही तिच्या परीक्षेची केस होती.

"छान हाय. पन ही मी नाई." शकुबाईंनी वरच्या समोरच्या दातावर बोट ठेवलं. "हा माहा जरासा तिरपा होता. बाजूच्यावर चढलेला. तसा कर."

"तिरपा दात कोणी मुद्दाम लावतं का, आजी? सर मला नापास करतील न."

"मले करा म्हना नापास. मी तं चौथीतच झालती." पलीकडच्या खुर्चीवरचा म्हातारा उघड्या तोंडानेच हसला. शकुबाईंनी अंगठ्याने खुर्चीमागे दाखवलं. "अवं, वर गेल्यावर हिचे बाबा मले ओळखतीन काय? म्हनतीन, ही कोन फॅशनवाली आली!"

तिथे त्यांची मुलगी चंद्रकला फाइल छातीशी धरून उभी होती. सकाळी मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांनी आईच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं होतं, आणि पुढचं सगळं आईकडे न बघता तिच्याशी बोलले होते. पवनारची बस चारला होती.

"राहू दे ना सरळच, आई. दातांनी खायचंच आहे ना?"

"खायाले हिरड्या पुरतात मले. दात तोंडासाठी पाह्यजे."

काजलने चंद्रकलाकडे पाहिलं. "ताईंचे दात बघा, किती सरळ आहेत. मुलीसारखे लावते की तुम्हाला."

चंद्रकलाची जीभ आपोआप समोरच्या दातांमागे गेली. तिथे एक बारीक तार होती. दात पुन्हा फिरू नयेत म्हणून कायमची चिकटवलेली. गावात तिला लहानपणी नावाने कोणी हाक मारत नसे, शकुची कॉपी म्हणत. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिलं काम तिने ते केलं होतं. दात सरळ करून ती घरी आली तेव्हा आई भाकर थापत होती. आईने वर पाहिलं होतं, मग पुन्हा परातीत पाहिलं होतं.

"तिचे पयल्यापासूनच सरळ हायेत," शकुबाई म्हणाल्या. "बाबावर गेली ते."

चंद्रकलाने तोंड उघडलं. मग फाइलमधून डोकावणारा एक कागद आत सारला.

काजलने सुस्कारा सोडून स्पिरिटचा दिवा पेटवला. पातं तापवून दाताभोवतीचं मेण मऊ केलं आणि दात केसभर फिरवला.

"अजून," शकुबाई म्हणाल्या. "अजून. बस्स."

आरशात पाहून त्या हसल्या, आणि तोंडावर पदर घ्यायचं विसरल्या.

बसमध्ये त्यांनी पाय पिशवीवर टेकवले. धाम नदी दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, "दात आले का पयले मूठभर फुटाने खाईन."

"आत्ता तर म्हणालीस, खायला हिरड्या पुरतात."

"ते डॉक्टरनीसमोर म्हनलं व."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा निवून गेला. शकुबाई उठल्या नाहीत.

हनुवटी पांढऱ्या फडक्याने बांधली होती, तरी तोंड आत ओढल्यासारखं झालं होतं. तळेगावहून मामी आली, पदर तोंडाशी धरून वाकली आणि म्हणाली, "शकुबाई वाटूनच नाई राह्यल्या व."

चंद्रकला भिंतीला टेकून बसली होती. तिची जीभ तारेवर होती.

आठव्या दिवशी काजलचा फोन आला. "ताई, उद्या आजीला घेऊन या. दात तयार आहेत."

"येते," चंद्रकला म्हणाली.

सकाळी वहिनीने दारात अडवलं. "दहावं व्हाचं हाय अजून. कुठं चालल्या, ताई?"

"आईचे दात आणायला."

काजलने खुर्ची पुसून ठेवली होती. ती चंद्रकलाच्या मागे दाराकडे बघत राहिली. "आजी हळूहळू येताहेत का?"

"आई गेली," चंद्रकला म्हणाली. "इथून गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

काजलच्या हातात पाणी भरलेली छोटी डबी होती. ती तशीच स्टुलावर बसली.

"सरांनी मार्क कापले," ती म्हणाली. "म्हणाले, अजून वेळ आहे, सरळ कर. मी नाही केला."

चंद्रकलाने डबीचं झाकण काढलं. दात पाण्यात होते. समोरचा एक, बाजूच्यावर किंचित चढलेला. तिने कवळी बाहेर काढली आणि ओढणीच्या टोकाने पुसली.

"आई तुमच्याशी खोटं बोलली," ती काजलला म्हणाली. "माझे दात पहिल्यापासून सरळ नव्हते."

मग तिने कवळी ठेवलेला तळहात वर उचलला, तोंडासमोर तोंड यावं इतका.

"माहा बी असाच होता, आई," ती म्हणाली. "मले लाज वाटे."