बिनकामाचा माणूस

या, असे जवळ सरकून बसा. कुठल्या कीर्तनात ऐकली नसेल अशी एक कृपेची गोष्ट सांगतो.

आमच्या रक्तपेढीत रक्तदाते शोधून देणारा प्रोग्राम मीच लिहिलेला. त्यातली इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजेस मी हौसेनं एकदम अपडेट केली, आणि क्षणात सापडणारं नाव यायला चार मिनिटं लागू लागली. "उद्यापर्यंत सुधारा, नाहीतर परत वह्या काढू," पेढीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शोधता शोधता दोष एका पॅकेजमध्ये सापडला. प्रोग्राम ज्या संगणकभाषेत लिहिला, तिच्या इंटरनेटवरच्या मराठी गटावर मी रागानं लिहिलं, "हे कुठल्या बिनकामाच्या माणसानं लिहिलंय?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. "तो माणूस बाई आहे, दादा, आणि ती मीच. चूकही माझीच. आपली ही संगणकभाषा आळशी, मागितल्याशिवाय काम करत नाही. नव्या आवृत्तीत तिला 'लगेच कर' सांगायला मी विसरले, म्हणून कामं तुंबली. संध्याकाळी दुरुस्त करून देते. तोवर जुनी आवृत्ती लावा."

मी ओशाळलो. नऊ वर्षं ही बाई एका पैचीही अपेक्षा न ठेवता ते पॅकेज सांभाळत होती.

दुरुस्ती सांगितल्याप्रमाणे संध्याकाळीच आली. तिसऱ्याच दिवशी एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचं रक्त लागलं. बटण दाबलं, दात्याचं नाव समोर हजर! बाळंतीण वाचली. गटावर माफी मागून मी सगळं कळवलं, तर तिनं एवढंच विचारलं, "आणि बाळ?"

बाळ गुटगुटीत आहे हो. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बाईचं, हेमांगी केळुसकर हे नाव तेवढं आठवा.